वन्सं, तुम्ही नंबर बदललात तेव्हा

वन्सं,

परवा तुमच्या शाळेतल्या बाया आल्या होत्या. चौघीजणी. चहा घेतला, रडल्या, मग एकीनं पिशवीतून वही काढली. तुमच्या आठवणींची लहानशी पुस्तिका काढायची म्हणतात. मला म्हणाल्या, "वहिनी, दोन पानं तुम्ही लिहा. नणंद-भावजयीचं इतकं गोड नातं आम्ही दुसरीकडं बघितलं नाही." मी मान डोलावली. त्या गेल्यावर कपबशा विसळल्या. गोड म्हणे.

तरी लिहायला बसले. तुम्हीच सांगायच्या, "वहिनी, बोलता तसंच लिहा, शुद्धलेखनाचं मी बघीन." आता बघायला तुम्ही नाहीत, म्हणजे चुका राहणार. वाचणाऱ्यांनी त्या पोटात घालाव्यात. जी चूक पोटात घालू नये ती पुढं येतेच आहे.

सातवीत शाळा सुटलेली बाई मी. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तुम्ही मास्तरीण व्हायचं शिकत होता. सुट्टीला आलात की माझ्या चुलीपुढं पाट टाकून बसायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या. माझे हात पिठाचे, मला पान उलटता यायचं नाही म्हणून. सासूबाई म्हणायच्या, "भाकरी करपली तर तुझ्या पुस्तकाला लावू का गं?" तुम्ही म्हणायच्या, "करपलेली मी खाते, आई." आणि खायच्या खरंच. मला वाचनाची गोडी लागली ती अशी, करपलेल्या वासासकट.

मग म्हातारपणी माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. वाचायचं बंद, टीव्ही बंद, दर आठ दिवसांनी नगरला डॉक्टरकडं. मी कावून गेले होते. आमची गाडी जुनी. तिच्यात रेडिओ आणि एक कॅसेट गिळून बसलेलं तोंड, एवढंच. तुम्ही राहुरीच्या स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानातून दोन डब्या आणल्या, एक तुमच्या गाडीला, एक आमच्या. डबी म्हणजे काय, अंगठ्याएवढं बोंडूक. गाडीत सिगारेट पेटवायचं जे भोक असतं त्यात खोचायचं. फोन त्याला जोडला की ते बोंडूक आपलं बारकं रेडिओ स्टेशन होतं, आणि गाडीच्या रेडिओवर त्याचा नंबर लावला की फोनमधलं सगळं गाडीच्या दारांतून वाजतं. ट्रान्समीटर म्हणतात, तुम्ही चार वेळा म्हणवून घेतलंत माझ्याकडून. सत्त्याऐंशी पॉइंट पाच हा नंबर लावलात, आणि एकदम तुमचाच आवाज दारांतून आला. "वहिनी, प्रकरण पहिलं." तुम्ही माझ्यासाठी एक सबंध पुस्तक फोनमध्ये वाचून ठेवायला घेतलं होतं.

हे, म्हणजे तुमचे दादा, म्हणाले, "इंदे, आधी घरात बोलायचीस, आता माझ्या गाडीत बी?"

"दादा, तू पुढं बघून चालव."

पण तेही ऐकायला लागले. एकदा गोष्टीत इतके गुंगले की दवाखान्याचं वळण सोडून थेट पुढं निघाले. मी डोळ्यावर पट्टी बांधून बसलेली, मला काय कळणार? फाटकातल्या वॉचमननं नंतर विचारलं, आज उशीर? हे म्हणाले, "बहिणीनं मधीच थांबू दिलं न्हाई." तुम्ही तेव्हा राहुरीला तुमच्या घरात कणीक मळत असाल.

दोन्ही डब्यांना तुम्ही मुद्दाम एकच नंबर ठेवला होता. "गाड्या जवळ असल्या की एकीनं लावायचं, दोघींनी ऐकायचं," म्हणालात.

"आन् तुमची गाडी लांब गेली तर?"

"तर खरखर. मग दादाला सांगायचं, जवळ घे."

लग्नकार्याला आपण दोन गाड्यांनी निघायचो. पुढं तुम्ही एकट्या, चष्मा नाकावर, दोन्ही हात चाकावर घट्ट. मागं आम्ही. पंधरा-वीस फुटांत असलो की तुमच्या गाडीतलं आमच्यात यायचं. मधे ट्रक घुसला की तुटायचं. मग खिडकीतून तुमचा हात बाहेर यायचा, जवळ या, जवळ या. हे कावायचे, "गाणं ऐकायला आता हिच्या बंपरला चिकटू का मी?" तुम्हाला पुस्तकं हवीत, मला जुनी गाणी. दोन्ही डब्या एकदम चालू राहिल्या की दोन्ही आवाज एकमेकांच्या उरावर बसायचे, म्हणून जाताना तुमची पाळी, येताना माझी, असं ठरलं. येताना मी गाणी लावली की तुम्ही पुढच्या गाडीत मान हलवायच्या. मागून तुमचा अंबाडा हललेला दिसायचा.

हे सगळं मला पक्कं ठाऊक होतं, वन्सं. माझी डबी वाजली की तुमच्या गाडीत ऐकू येतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं.

तुम्ही विचारलंत तो दिवस आठवतो. आपण ओट्यावर मेथी निवडत होतो. तुम्ही देठं इतकी बारीक खुडायच्या की माझा जीव जायचा. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "वहिनी, आता एकटीला नको वाटतं हो. मागची खोली मोकळी असली तर येऊ का मी राहायला?"

मी म्हटलं, "अवो वन्सं, इचारता काय? घर तुमचं हाय. या की."

आणि मनातून मला तुम्ही यायला नको होतात.

ते का, ते सांगते. तुमच्या आई-वडिलांचं मी चौदा वर्षं केलं. सासरे आधी, मग सासूबाई. सासूबाई तर शेवटची तीन वर्षं अंथरुणाला. तुम्ही दर रविवारी यायच्या, फळं आणायच्या, आईचे केस विंचरायच्या, संध्याकाळी परत. त्यांच्या पाठीला जखमा झाल्या तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "वहिनी, कूस बदलत जा त्यांची." दिवसातून सहा वेळा बदलत होते मी. एकटी. तुम्ही ते वाक्य प्रेमानं म्हणालात, तुमच्या ध्यानातही राहिलं नसेल. माझ्या छातीत ते बाभळीच्या काट्यासारखं राहिलं. काढलं असतं तर निघालं असतं. एकदा तोंडावर म्हणायचं होतं, "वन्सं, पुढचा रविवार तुम्ही बदला कूस, मी फळं आणते." भांडण झालं असतं, तुम्ही रडला असता, मी रडले असते आणि विषय संपला असता. ते मी केलं नाही. काय केलं? तुम्ही खोलीचं विचारलंत त्याच्या पुढच्याच आठवड्यात तिथं गव्हाच्या गोण्या रचल्या. ह्यांनी विचारलं, "हितं कशाला गं?" म्हटलं, "वसरीला उंदरं झाल्यात."

मग ते आपल्या नगरकडच्या अकोल्याचं लग्न. चुलत घरातलं. ऊन असं की डोळा उघडवेना. कार्यालयाच्या बाजूला नांगरलेल्या रानात गाड्या लावायची सोय होती. एका लिंबाखाली तुमची गाडी, तिला खेटून आमची. वरात अजून मारुतीच्या देवळापाशीच नाचत होती. हे पुरुषमंडळींत जाऊन बसले. माझे गुडघे धड नाहीत, म्हणून मी गाडीतच थांबले, चावी अर्धी फिरवलेली, माझी गाणी चालू. तुम्ही खिडकीशी येऊन म्हणालात, "मी नवरीला भेटून येते." मी तुम्हाला मांडवात जाताना बघितलं. परत येताना बघितलं नाही.

सुमनचा, माझ्या धाकट्या बहिणीचा, बोललेला मेसेज आला. गाणं थांबलं आणि ती दारांतून बोलली, "काय ठरलं गं तुझ्या नंदेचं? येती का राह्यला?" मला टाइप करता येत नाही, मीही बोलूनच पाठवते. बटण दाबून धरलं आणि बोलले. चांगलं अडीच मिनिटं. पाठवून दिलं. आणि मग माझी ती जन्माची खोड. माझं बोलणं मला पुन्हा ऐकायला आवडतं. कसं वाजलं, कुठं ठसका बसला. मी ते लावलं.

जे वाजलं ते इथं लिहिते. लाज वाटते म्हणून गुळमुळीत लिहिलं तर मग लिहायचंच कशाला.

"सुमे, खोली मोकळी हाय गं, पन मन मोकळं न्हाई माझं. जन्मभर एकटी राह्यलेली बाई. चहात साखर किती, हे बी मला शिकवती. आज गाडी फिरवती, उद्या अंथरुनाला खिळली म्हंजी? आईचं मी काढलं, बापाचं मी काढलं, आता हिचं बी मीच काढू? बाईसाहेब रविवारी केस विंचरायला यायच्या. आता माझ्या घरात मरायला येनार. तोंडावर 'या या' म्हनते मी, आन् खोलीत गोन्या लावून ठिवल्यात. शिकलेली बाई हाय, समजंल की."

गोण्यांच्या जागी मी ऐकताना हसलेसुद्धा.

संपलं. गाणं काही पुन्हा सुरू झालं नाही. आणि शेजारच्या गाडीतली पुढची सीट, जी आडवी पाडलेली होती, ती हळूहळू वर आली.

आधी अंबाडा दिसला. मग कान. तुम्ही दुसऱ्या बाजूनं येऊन, सीट पाडून, माझी गाणी ऐकत पडला होता. जाणं झालं की माझी पाळी, ते तुम्ही उभ्या गाडीतही पाळत होता. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाहीत. हात पुढं केलात आणि रेडिओ बंद केलात. आरशात बघून कपाळावरचा घाम टिपलात. मग उतरलात, माझ्या काचेवर टकटक केलंत.

"वहिनी, वरात आली बघा. चला, अक्षता घ्या."

ढेकळांतून माझे पाय पडेनात. तुम्ही माझं कोपर धरलंत आणि पार मांडवापर्यंत सोडलं नाहीत. मी मनाशी म्हणत होते, ऐकलं नसंल. झोप लागली आसंल. रेडिओ दुसऱ्या नंबरवर आसंल. वन्सं, ते सगळं मी मला सांगत होते. तुमच्या बोटांनी माझं कोपर धरलं होतं तिथं मला कळलं होतं.

महिन्याभरानं साईखेड्याच्या साखरपुड्याला पुन्हा दोन गाड्या निघाल्या. तुम्ही पुढं, आम्ही मागं, अगदी जवळ, आणि आमच्या रेडिओवर नुसती खरखर. हे म्हणाले, "आज इंदी मुकी का?" चहाला थांबलो तेव्हा मी अगदी साळसूद तोंडानं विचारलं, "वन्सं, तुमचा आवाज येईना आज."

तुम्ही कपात बघत होता. "नंबर बदलला मी, वहिनी. त्याच्यावर खरखर यायला लागली हो. तुमचा आहे तो राहू द्या." एक घोट घेतलात. "आणि मागच्या खोलीचं राहू द्या. मला आपली राहुरीच बरी. पेन्शन, दवाखाना, सगळं तिथंच आहे."

तो क्षण माझा होता. हे टपरीवाल्याशी कांद्याचं बोलत होते. बाकडं आपल्या दोघींचंच. म्हणता आलं असतं, वन्सं, तुम्ही ऐकलंत ना? शिव्या द्या मला. मी काय म्हणाले ते तुम्हाला ठाऊक आहे.

"अवो असं कसं! न्हाई न्हाई, तुमी यायचंच. मी काई ऐकनार न्हाई. या की!"

आता तुम्ही येणार नाही हे पक्कं झाल्यावर मी ते म्हटलं. मोठ्यानं, ह्यांना ऐकू जाईल असं. मेसेजमध्ये मी जे बोलले ते रागाचं होतं, दुखण्याचं होतं, थोडं खरंही होतं. पण ह्या "या की"ची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. त्यात खरं काहीच नव्हतं. आणि ह्यांनी ते ऐकलं, त्यांना तेच खरं वाटलं. बायको बोलावते आणि बहीण येत नाही.

तुम्ही नंबर बदललात, पण वाचून पाठवणं थांबवलं नाहीत. माझे डोळे बरे होऊन मला चष्म्यानं वाचता यायला लागलं तरी थांबवलं नाहीत. "वहिनी, प्रकरण सातवं." तोच आवाज, तसाच. मध्ये कुकरची शिट्टी झाली तर "थांबा हं" म्हणायच्या. मी ते गाडीत लावायचे आणि ह्यांच्याकडं बघायचं टाळायचे. एकदाही मनात आलं नाही असं नाही, की ह्या बाईनं माझं असलं ऐकून मला अजून पुस्तक वाचून दाखवावं, ही शिक्षा आहे की काय? पण तुम्हाला शिक्षा करता येत नसे. शाळेतसुद्धा पट्टी तुम्ही फक्त रेघा मारायला वापरायच्या, असं ह्या बायाच सांगत होत्या.

मग एक दिवस तुमच्या दाराला लटकवलेली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच बघून शेजारणीनं फोन केला. डॉक्टर म्हणाले, आदल्या संध्याकाळीच हृदय थांबलं. म्हणाले, जवळ कुणी असतं तर वाचल्याही असत्या, सांगता येत नाही, कदाचित. त्या "कदाचित"शी मी आता राहते.

तुमच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. नदीवर सगळे उन्हात उभे. झाडावर कावळे होते, खाली यायला तयार नाहीत. मग रीत असते तसं एकेकानं पुढं होऊन सांगायला सुरुवात केली, तुमची इच्छा काय राहिली असेल त्याचा शब्द द्यायला. हे म्हणाले, "इंदे, तुझी गाडी इकनार न्हाई. तुझी झाडं इकडं आनून लावतो." कावळा हलेना. तुमच्या शाळेतली बाई म्हणाली, "बाई, तुमची पुस्तकं शाळेला देऊ, नीट ठेवू." नाही. कुणीतरी मागून म्हणालं, "वैनीला बोलू द्या, वैनीचं ऐकत्याल त्या."

सगळ्यांनी मला पुढं केलं. मला ठाऊक होतं काय बोलायचं ते. खोली हे दोन अक्षरांचं बोलायचं होतं. मी हात जोडून म्हटलं, "वन्सं, सगळं नीट करू आमी." सगळं म्हणजे काय, ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. कावळा नाहीच आला. भटजींनी दर्भाचा कावळा करून शिवला आणि उरकलं.

तेव्हा ह्यांनी डोळे पुसत, सगळ्या गावापुढं म्हटलं, "जित्ती असताना हट्टी, आन् गेल्यावर बी हट्टीच! किती येळा म्हटलं ये, ही पन म्हनाली ये, न्हाई आली. आली आसती तर आज..." लोक रडता रडता हसले. माना हलवल्या, बाई हट्टी खरी. आणि वन्सं, मीही हसले. पदर तोंडाला लावून, सगळ्यांबरोबर.

तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांना सांगितलं. जेवून बडीशेप चघळत होते. मेसेज, गोण्या, सीट वर आलेली, टपरीवरचं "या की", काही ठेवलं नाही. चघळायचं थांबले.

"मी तिला हट्टी म्हनलो. गावापुढं."

"व्हय."

"आन् तू हुतीस तितं."

"हुते."

"हसलीस बी."

मी त्यांचं ताट उचललं.

"मग मला कशाला सांगती? गावापुढं म्हटल्यालं घरात बसून कसं पुसायचं?" टोपी घातली आणि रानात निघून गेले. त्या दिवसापासून बोलतात माझ्याशी. दूध काढलं का, औषध घेतलं का. नावानं हाक मारत नाहीत.

मग तुमच्या बाया वही घेऊन आल्या.

तर बायांनो, तुम्ही मागितलेली गोड दोन पानं ही अशी झाली. छापायची तर सगळी छापा, मधलं गाळू नका. आणि त्या दिवशी नदीवर ज्यांनी माना हलवल्या त्यांना वाचायला द्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. इंदूबाई हट्टी नव्हत्या. त्यांना यायचं होतं. त्यांनी आपल्या तोंडानं विचारलं होतं, येऊ का म्हणून. मी हो म्हटलं आणि त्यांना येऊ दिलं नाही.

वन्सं, तुमची माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही मला वाक्यसुद्धा पुरं करू देणार नाही, "असू द्या हो, वहिनी" म्हणून मोकळ्या व्हाल. जन्मभर तेच केलंत. हे असू द्यायचं नाही, वन्सं.